तीन नंबर अर्धाच भरा

दोनशे पांढरे टेबलक्लॉथ हिरवे झाले, तिथून ही गोष्ट सुरू होते. चांगले गर्द हिरवे झाले असते, तर नवा रंग म्हणून हॉटेलवाल्याच्या गळ्यात मारता तरी आले असते. हे झाले शेवाळी, तेही ठिकठिकाणी. हॉटेलचा माणूस लाँड्रीच्या साहेबांकडे बघत राहिला, आणि साहेब त्या ढिगाकडे. अशा वेळी कोणाच्या तरी डोक्यावर खापर फुटतंच. ते कोणाच्या, एवढंच ठरायचं होतं.

त्या लाँड्रीत इस्पितळांच्या चादरी, ऑपरेशनच्या खोलीतले गाऊन आणि हॉटेलांची कापडं धुवायला यायची. पत्र्याची उंच शेड, आत माणूस उभा मावेल एवढाले तीन ड्रम, पलीकडे वाफेवर चालणारा इस्त्रीचा रूळ आणि भिंतीलगत घड्या घालायचं लांबलचक टेबल. सकाळची पाळी सहा ते दोन, दुपारची दोन ते दहा. सकाळी ड्रमवर थोरली, दुपारी धाकटी. दोघी सख्ख्या जावा. लाँड्रीत त्यांना थोरली आणि धाकटी ह्याच नावांनी ओळखायचे, खरी नावं हजेरीपत्रकालाच ठाऊक. आणि ह्या सख्ख्या जावा सहा वर्षांत एकमेकींशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

आता अबोला घरात धरला तर एक वेळ चालून जातो. पाळी बदलताना कसा चालायचा? कुठल्या ड्रममध्ये काय आहे, कशाचं पाणी तुंबलंय, हे सांगावंच लागतं. त्यावर दोघींनी काढलेला तोडगा म्हणजे मिस्तरी. तो बिचारा मधे उभा राहायचा. थोरली त्याच्याकडे तोंड करून म्हणायची, यांना सांगा, एक नंबरचं पाणी तुंबतंय. धाकटी तीन हातांवर उभी, कान ठणठणीत, सगळं ऐकलेलं. पण मिस्तरी तेच पुन्हा म्हणेपर्यंत ती छताचे पत्रे मोजत बसायची, आणि मग म्हणायची, त्यांना सांगा, कळलं. रोज दोन वाजता हे नाटक व्हायचं आणि अख्खी लाँड्री डबे विसळता विसळता ते बघायची.

त्या दिवशी धाकटीची बस चुकली. थोरलीनं मिस्तरीला बजावून सांगितलं की दोन नंबरमधून नवे हिरवे गाऊन काढलेत, त्यांचा रंग सुटलाय, तेव्हा ड्रम रिकामाच एकदा खंगाळून घ्यायचा आणि मगच पांढरं टाकायचं. एवढं सांगून ती घरी गेली. मिस्तरीनं मधे एक चहा घेतला आणि त्या चहात निम्मा निरोप विरघळला. धाकटी धापा टाकत आली तेव्हा त्यानं सांगितलं, दोन नंबर रिकामा आहे, पांढरं टाका. तिनं टाकलं.

साहेबांनी दुसऱ्या दिवशी सगळ्यांना उभं केलं. ते ओरडले नाहीत, आणि तेच जास्त भीतीचं होतं. यापुढं पाळीचा निरोप तोंडी नाही, वहीत लिहायचा. जो ड्रम चालवतो त्यानंच लिहायचा, आणि येणाऱ्यानं वाचून खाली सही करायची. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांच्यासाठी जेवणाच्या खोलीत रोज अडीच ते चार वर्ग, आणि तो वेळ कामातच धरला जाईल. तीन महिने मिस्तरीनं विचारून वहीत उतरवायचं, मग परीक्षा. सकाळच्या पाळीनं वही लिहून निघून जायचं, दुपारच्या पाळीनं काही न विचारता तेवढ्यावर काम करायचं. जमलं तर ड्रम तुमचा, नाही तर घडीचं टेबल.

बावीस वर्षं थोरलीनं जे झाकून ठेवलं होतं ते साहेबांनी चारचौघांत टेबलावर मांडलं होतं. तिला वाचता येत नव्हतं. एक अक्षरसुद्धा नाही.

झाकलं कसं म्हणाल, तर बाई हुशार. ड्रमच्या खटक्यांवर तिनं नेलपेंटचे ठिपके दिले होते, गरम पाण्याला एक, थंडाला दोन, पिळायला तीन. लोकांना वाटायचं, हौस आहे. कागद पुढं आला की चष्मा घरी राहायचा, आणि घरी गेलं की नवरा वाचून दाखवायचा. सहीचं एक वळण तेवढं तिनं गिरवून पाठ केलं होतं. तीन नंबरवर तर तिचा जीव होता. दोन्ही मुली सासरी गेल्या, हा तिसरा तेवढा माझ्यापाशी राहिला, असं ती म्हणायची. त्याच्या अंगावर तळवा ठेवला की आत किती माल आहे, ओला किती, एका बाजूला गोळा झालाय का, हे तिला न उघडता कळायचं. तो ड्रम सोडून टेबलाशी उभं राहून उशांचे अभ्रे दुमडायचे? जळो मेलं ते. ती घरी गेली आणि तीन दिवस नवऱ्यावर उगीचच चिडत राहिली.

आणि अबोल्याचं मूळही तिथंच होतं, हे तिच्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. सहा वर्षांपूर्वी धाकटीच्या मुलीचं लग्न होतं, संध्याकाळचं. दोन दिवस आधी पाळी बदलताना धाकटीनं घाईघाईनं तिच्या हातात एक चिठ्ठी कोंबली, म्हणाली, सगळं लिहिलंय यात, आणि ड्रमकडे धावली. थोरली म्हणाली, हो हो, कळलं. नवऱ्याला पुतणीच्या लग्नालाही सुट्टी मिळाली नव्हती, तो मालकाची गाडी घेऊन चार दिवस बाहेरगावी, घरातला एकुलता एक फोन त्याच्या खिशात. शेजारणीकडून वाचून घ्यावं तर इतक्या वर्षांचं झाकलेलं उघडं पडणार. असेल हॉलचा पत्ता, असं म्हणून तिनं चिठ्ठी बटव्यात ठेवली. लग्नाच्या दिवशी पाचच्या सुमाराला ती नवी साडी नेसून पोचली, तेव्हा माणसं खुर्च्या गाडीत भरत होती. लग्न सकाळीच लागलं होतं.

धाकटीनं सगळ्यांदेखत विचारलं की चिठ्ठी दिली होती ना हातात. थोरलीनं मान ताठ करून सांगितलं, मला कुठलीही चिठ्ठी मिळालेली नाही. वाचता येत नाही म्हणण्यापेक्षा खोटं बोलणं सोपं वाटलं. माणूस कुठं अडून बसेल याचा काही नेम नाही. धाकटी म्हणाली, मग झालं तर, आणि तिथून पुढं मिस्तरी.

वर्गाच्या पहिल्या दिवशी थोरली दारातून दोनदा परत फिरली. तिसऱ्यांदा आत डोकावली तर गेटवरचा रखवालदार पहिल्या बाकावर पाटी घेऊन बसलेला. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, गेली वीस वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याचा पास तोंडाजवळ नेऊन बारकाईनं तपासायचा. तो तिच्याकडे बघून ओशाळं हसला आणि म्हणाला की पास उलटा धरलेला असायचा, पण आजवर कोणी तक्रार केली नाही. थोरलीला इतकं हसू आलं की हसता हसता ती बसलीच.

शिकवायला आलेल्या बाई पोस्टातून निवृत्त झालेल्या, आवाज खणखणीत. त्यांनी बाराखडीपासून सुरुवात केलीच नाही. त्या दिवशी धाकटीची रजा होती आणि ड्रम बंद, तेव्हा सगळ्यांना उठवलं आणि शेडमध्ये नेलं. रोज ज्याला हात लावता ते आधी वाचू, म्हणाल्या. ड्रमच्या पहिल्या खटक्यावर बोट ठेवलं. थोरली बावीस वर्षं तो खटका दाबत होती, आणि त्यावर तीन अक्षरं होती हे तिनं त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं. ग, र, म. तिचाच नेलपेंटचा ठिपका र वर पडला होता, तो तिनं नखानं खरवडून काढला. मग गंमत अशी झाली की तोच ग गाऊनच्या गाठोड्यावर सापडला, तोच म मालाच्या गाडीवर सापडला, आणि ती शेडभर अक्षरं हुडकत फिरायला लागली. बाईंनी वर्ग संपला म्हणून सांगितलं तरी ही साबणाच्या डब्याशी उकिडवी बसलेली.

काय सांगावं त्या दिवसांचं. पन्नाशीला टेकलेली बाई, पण पायाला भिंगरी लागल्यासारखी. बसच्या खिडकीतून दुकानांच्या पाट्या वाचता वाचता ती दोनदा पुढच्या थांब्यावर उतरली आणि हसत हसत मागे चालत आली. घरात मिठाच्या बरणीवर चिकटवलेली चिठ्ठी तिनं वाचली तर ती साखरेची निघाली, कारण बरण्यांची अदलाबदल तिनंच केली होती. नवऱ्याच्या गोळ्यांचं पाकीट वाचलं आणि जेवणानंतरची गोळी जेवणाआधी घेता म्हणून त्यालाच झापलं. तो म्हणाला, तीस वर्षं तुला कागद वाचून दाखवले, आता मला घरात काही किंमत उरलेली दिसत नाही. ती म्हणाली, होती कधी? आणि दोघंही पोट धरून हसली.

नुसता आनंदीआनंद होता असंही नाही. लिहिणं तिला फार जड गेलं. ओल्या चादरींचा गठ्ठा एका झटक्यात उचलणारा हात, त्यात पेन्सिल धरली की घामानं निसटायची. टोकं मोडायची. जोडाक्षरं दिसली की ती बाईंशी भांडायची, म्हणायची, दोघांना स्वतंत्र जागा असताना एकमेकांच्या उरावर कशाला बसवता? एकदा पाटी आपटून ती उठून गेली आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन बसली. त्या दुपारी धाकटी जेवणाच्या खोलीत डबा विसरली म्हणून आली होती. तिनं थोरलीला पाटीवर वाकलेलं बघितलं. रखवालदाराला वाटलं, आता टोमणा येणार, कारण धाकटी चौथीपर्यंत शिकलेली आणि तोंडानं फटकळ. पण ती दारातच थबकली, जरा वेळ बघत राहिली आणि डबा न घेताच गेली.

आठव्या आठवड्यात एका दुपारी घरी कोणी नसताना थोरलीनं पत्र्याची पेटी उघडली. सहा वर्षं तिनं ती चिठ्ठी फाडली नव्हती आणि कोणाला दाखवलीही नव्हती. खिडकीशी बसून एकेका अक्षरावर बोट ठेवत ती वाचायला लागली. पहिला शब्द लागला, ताई. मग हॉल. मग सकाळी. पाऊण तास गेला, पण सगळी वाचली. ताई, संध्याकाळचा हॉल मिळाला नाही, लग्न सकाळी दहाला आहे. तुम्ही आठलाच या. तुम्ही नसलात तर माझे हातपाय गळतात.

तिला रडू आलं आणि त्यातच आनंदही झाला, आणि आनंद झाल्याची लाजही वाटली. असं सगळं एकदम होतं कधी कधी. चिठ्ठी तिनं पुन्हा पेटीत ठेवली नाही, बटव्यात ठेवली.

परीक्षेचा दिवस उजाडला. थोरलीनं पंधरा दिवस आधीच निरोप पाठ करून ठेवला होता. एक नंबर रिकामा. दोन नंबर चादरी. तीन नंबर ठीक. सगळे गिरवलेले शब्द, डोळे मिटून लिहिता आले असते. पण अकराच्या सुमाराला तीन नंबर पिळायला लागला आणि तिचा चेहरा बदलला. नेहमीच्या घरघरीखाली एक बारीक कुरकुर होती. तिनं तळवा ठेवला. होतीच. मिस्तरीला बोलावलं, त्यानं पेचकस टेकवून कान लावला आणि म्हणाला, काही नाही, वय झालंय, तुमचंही आणि त्याचंही. साहेबांनी मिस्तरीला विचारलं, तो म्हणाला, ठीक आहे. विषय संपला.

सव्वाला ती वहीसमोर बसली आणि तिचा हात थांबला. ठीक लिहिलं की सुटली, ड्रम तिचा. कुरकुर लिहायची तर तो शब्द कुठल्या खटक्यावर नव्हता, कुठल्या डब्यावर नव्हता, कधी गिरवलेला नव्हता. शिवाय वही वाचणार कोण, तर धाकटी. तिनं नुसतं म्हणायचं होतं की मला हे लागत नाही, आणि थोरली टेबलाशी गेली असती. तिच्या मनात आलं असतं, तर सहा वर्षांचा हिशेब तिला एका वाक्यात चुकता करता आला असता. शेजारी बाई बसल्या होत्या, त्यांना विचारायची सोय नव्हती.

थोरलीनं पदरानं हात पुसला आणि लिहिलं. वीस मिनिटं लागली. एक नंबर रिकामा. दोन नंबरमध्ये चादरी, पिळायच्या आहेत. तीन नंबर पिळताना खालून कुरकुर करतो. मिस्तरी नाही म्हणतो. मी हो म्हणते. तीन नंबर अर्धाच भरा.

पानावर आणखी एका ओळीची जागा उरली होती. तिनं तिकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, आणि तीही भरली. चिठ्ठी वाचली. सहा वर्षांनी वाचली. बाईंनी ते बघितलं, त्यांना त्यातलं काही कळलं नाही, पण खोडायला सांगितलं नाही.

दोनला धाकटी आली. मिस्तरीला त्या दिवशी साहेबांनी मुद्दाम ऑफिसात बसवलं होतं, त्यामुळं दोघींच्या मधे कोणीच नव्हतं. थोरली गेटपर्यंत गेली आणि मागे वळून बघितलं. धाकटी वही दोन्ही हातांत धरून उभी होती, पुन्हा पुन्हा त्याच पानावर नजर फिरवत होती. म्हणजे अक्षर लागत नसणार. थोरलीचा जीव टांगणीला लागला. घरी तिला अन्न गोड लागलं नाही, आणि नवऱ्यानं चेष्टा केली तरी ती हसली नाही.

सकाळी पावणेसहाला ती शेडमध्ये शिरली तर तीन नंबर उघडा पडलेला आणि मिस्तरी जमिनीवर बसलेला, पुढ्यात कागदावर बेअरिंगचे तुकडे. त्यानं मान वर केली नाही. हळूच म्हणाला, "काल साडेचारला गेलं. भरलेला असता तर अख्खा ड्रम निखळून बाहेर आला असता. समोर धाकटी होती."

थोरली त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि एक तुकडा तळव्यावर घेतला. मागून साहेब आले. मिस्तरी ठीक म्हणत होता, तरी धाकटीनं अर्धाच भरला, असं ते सांगत होते. कामं मागं पडली तरी चालतील म्हणाली, बाहेर माल थांबला होता तरी ऐकेना, सारखा हात बंदच्या खटक्यावर. मग ते म्हणाले, "ड्रम तुमचा. दुरुस्त झाला की."

ज्या वाक्यासाठी तिनं तीन महिने पेन्सिली मोडल्या ते हेच, पण तिचं अर्धं लक्षच नव्हतं. ती उठून वहीकडे गेली. तिच्या मोठ्या वेड्यावाकड्या ओळींखाली धाकटीची सही होती, आणि सहीखाली तिरक्या घाईच्या अक्षरात बरंच काही लिहिलेलं होतं. ते अक्षर ती ओळखत होती. बटव्यातल्या चिठ्ठीतही तेच होतं. बोट ठेवून तिनं वाचायला घेतलं.

तीन नंबर अर्धाच भरला. साडेचारला मोठा आवाज झाला, लगेच बंद केला. कोणाला लागलं नाही. ताई, तुम्ही पाटी घेऊन बसलेल्या दिसलात तेव्हाच मला ती चिठ्ठी आठवली. हातात कोंबून मी पळाले. तोंडानं सांगितलं असतं तर तुम्ही आठलाच आला असता. आज दोनला थांबा. मिस्तरीला बोलावू नका.

तिच्या नावानं कोणी लिहिलेलं आणि तिनं आल्या आल्या स्वतः वाचलेलं हे आयुष्यातलं पहिलंच. तिनं ते तीनदा वाचलं. मिस्तरीनं विचारलं, काय लिहिलंय? ती म्हणाली, तुमच्या कामाचं नाही त्यात काही.

मग तिनं पेन घेतलं. नियम येणाऱ्यानं सही करायचा होता, तेवढं वळण तिनं गिरवलं. सहीखाली लिहिलं, थांबते. वाचणारी दोन वाजता समोरच उभी असणार होती, तरी लिहिलं. आणि एवढ्यानं भागेना म्हणून पुढं आणखी लिहिलं, चहा मी आणते.